पन्नास ओहमचा म्हणून बांधलेला फिल्टर

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला, खारा वारा थेट खिडकीतून आत येणाऱ्या एका घरात ४० मीटर बँडचं (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचं) हॅम, म्हणजे हौशी रेडिओ स्टेशन आहे. अँटेना इनव्हर्टेड व्ही: मधलं टोक गच्चीवरच्या पाइपावर आणि दोन्ही शेपट्या परसातल्या माडांना बांधलेल्या. ट्रान्समीटर घरी बांधलेला, शेवटच्या टप्प्यात दोन मॉसफेट (पॉवर ट्रान्झिस्टर) पुश-पुल, म्हणजे आलटून-पालटून चालणारे, ५० वॅट अपेक्षित. त्यापुढे हार्मॉनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले नको असलेले सिग्नल) गाळायला लो-पास फिल्टर, म्हणजे कटऑफ या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचंच पुढे सोडणारा. फिल्टर जोडला की मीटर ३० वॅटवर अडायचा आणि दोन मिनिटं बोललं की हीटसिंकला हात लावता येत नसे.

पहिला संशय अँटेनावर गेला, आणि किनाऱ्यावर तो जाणं साहजिकच आहे. इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, फीड पॉइंटचं तांबं हिरवं पडतं, जांभ्यात ठोकलेला अर्थ उन्हाळ्यात नावापुरता उरतो. इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुतले, कोॲक्स बदलली. मीटर ३० वरच. शेवटी अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावला, तरी तेच. हे आधीच केलं असतं तर दोन रविवार वाचले असते. डमी लोडला ना मीठ लागतं ना वारा. दोष त्याच्या अलीकडे होता.

फिल्टर पुस्तकी होता. कॉन्स्टंट-के पद्धतीचे दोन पाय विभाग (π च्या आकाराचे: मधे सिरीज कॉइल, दोन्ही टोकांना जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, कॅपॅसिटर) एकामागे एक, कटऑफ ८ मेगाहर्ट्झ, नाममात्र रोध ५० ओहम. सूत्रं सरळ आहेत: विभागाचं पूर्ण इंडक्टन्स म्हणजे रोध भागिले (३.१४ × कटऑफ), आणि पूर्ण कॅपॅसिटन्स म्हणजे १ भागिले (३.१४ × कटऑफ × रोध). त्यातून कॉइल १.९९ मायक्रोहेन्रीच्या दोन, मधला कॅपॅसिटर ७९६ पिकोफॅरड, दोन्ही टोकांना त्याच्या निम्मे म्हणजे ३९८. बाजारात मिळणाऱ्या किमतींत हे ३९० आणि ४७० अधिक ३३० असं बसवलं होतं. एलसीआर मीटरवर सगळं जागच्या जागी. हिशेबात चूक एकही नव्हती. ‘५० ओहमचा फिल्टर’ या शब्दांचा अर्थ मात्र चुकीचा घेतला होता.

सूत्रात ५० ओहम घातले म्हणून फिल्टर सगळ्या फ्रिक्वेन्सींना ५० ओहमचा होत नाही. एका विभागाला तसेच विभाग अनंतापर्यंत जोडत गेलं, तर तोंडाशी जो इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण अडथळा) दिसेल तो त्याचा इमेज इम्पिडन्स. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर आरसे असतात आणि प्रतिमेत प्रतिमा दिसत राहते, तसा प्रकार. विभागाच्या शेवटी नेमका हाच इम्पिडन्स जोडला तर काहीच परत फिरत नाही. वेगळं काही जोडलं की फिल्टर हा चुकीच्या इम्पिडन्सच्या केबलच्या तुकड्यासारखा वागतो.

पाय विभागासाठी हा इमेज इम्पिडन्स म्हणजे नाममात्र रोध भागिले √(१ − क्ष²). क्ष म्हणजे चालू फ्रिक्वेन्सी भागिले कटऑफ. क्ष शून्याजवळ असेल तेव्हाच उत्तर ५० येतं. टी विभागात (दोन्ही बाजूंना सिरीज कॉइल, मधे जमिनीला कॅपॅसिटर) तेच वर्गमूळ गुणाकारात जातं, म्हणून कटऑफकडे जाताना टीचा इमेज इम्पिडन्स शून्याकडे उतरतो आणि पायचा अनंताकडे चढतो.

आता आकडे घाला. ७.१ मेगाहर्ट्झला क्ष = ०.८८७५, वर्गमूळ ०.४६१, इमेज इम्पिडन्स १०८.५ ओहम. म्हणजे अँप्लिफायर आणि डमी लोड यांच्यामध्ये कुणी १०८ ओहमची केबल टाकून ठेवली होती. तिची ‘लांबी’ही काढता येते: प्रत्येक विभाग २ × साइनव्यस्त(क्ष) इतका फेज (लाटेची अवस्था) फिरवतो, म्हणजे १२५ अंश. दोन विभागांचे २५० अंश. एवढ्या लांबीच्या १०८.५ ओहम लाइनीला ५० ओहम जोडले की अलीकडून १६५ ओहम आणि वर ९० ओहमचा इंडक्टिव्ह रिॲक्टन्स (कॉइलसारखा, पॉवर न खाणारा अडथळा) दिसतो. एसडब्ल्यूआर (मॅच किती बिघडला याचं माप, १ म्हणजे अचूक मॅच) ४.३५. ५० ओहमच्या सोर्समधून जितकी पॉवर पुढे जायला हवी, तिच्यातली ६१ टक्केच जाते, म्हणजे ५० मधले ३०. मीटरशी हे इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोगच, कारण मॉसफेटचा टप्पा काही खरा ५० ओहमचा सोर्स नसतो.

नॅनो व्हीएनए (फिल्टर फ्रिक्वेन्सीनुसार मोजणारं छोटं यंत्र) जोडल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. ७.१ ला एसडब्ल्यूआर चारच्या वर, पण ५.६६ मेगाहर्ट्झला चक्क १. तिथे इमेज इम्पिडन्स ७१ ओहम आहे, ५० नाही. मग मॅच कसा? क्ष ०.७०७ असेल तेव्हा प्रत्येक विभाग बरोबर ९० अंश फिरवतो, दोन मिळून १८० होतात. अर्ध्या तरंगलांबीची लाइन कितीही ओहमची असो, पलीकडचा लोड अलीकडे जसाच्या तसा दाखवते. फिल्टर नादुरुस्त नव्हताच. तो ज्या फ्रिक्वेन्सीला चांगला होता, तिथे कुणी बोलत नव्हतं.

मधला कॅपॅसिटर तपकिरी का पडला होता, याचंही उत्तर या हिशेबात मिळतं. लोडला पूर्ण ५० वॅट पोचवायचे म्हटलं तर मधल्या नोडवर ९३ व्होल्ट आरएमएस येतात आणि ७९६ पिकोफॅरडमधून ३.३ अँपिअर फिरतात. लोडमधून एकच अँपिअर जातो! कटऑफला खेटून काम केलं की आतले करंट असे फुगतात. साध्या सिरॅमिक डिस्कला हे झेपत नाही. ती तापते, किंमत सरकते, कटऑफ आणखी खाली येतो, इमेज इम्पिडन्स आणखी चढतो. कॅपॅसिटन्स ३ टक्के वाढला तर कटऑफ ७.८८ होतो आणि ३० वॅटचे २८ उरतात. ड्राइव्ह वाढवून मीटर ५० वर आणायचा मोह इथेच होतो, आणि मॉसफेट इथेच जातात.

पहिली दुरुस्ती स्वस्तातली होती. दोन पाय विभाग तेच, फक्त कटऑफ १० मेगाहर्ट्झ. कॉइल १.५९ मायक्रोहेन्री, मधे ६३७ पिकोफॅरड, टोकांना ३१८. आता ७.१ ला क्ष ०.७१, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा तोच योग, पण यावेळी कामाच्या जागी. ७.० ते ७.२ पर्यंत एसडब्ल्यूआर १.०६ च्या आत. मीटर ४८ वर गेला, हीटसिंक निवला. जुन्या हॅम मंडळींचा ‘हाफ-वेव्ह फिल्टर’ याच जातीचा. ते नाममात्र रोध ३५ धरतात, त्यामुळे ७.१ ला इमेज इम्पिडन्सही ५० पडतो आणि मधला कॅपॅसिटर सोडला तर प्रत्येक भागाचा रिॲक्टन्स ५० ओहम येतो.

इथेच थांबता आलं असतं. पण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॅमने सांगितलं की १४.२ वर तुमचा आवाज येतोय. ७.१ चं दुसरं हार्मॉनिक १४.२, म्हणजे नेमकं २० मीटर बँडात. तिसरं २१.३, तेही १५ मीटर बँडात.

फिल्टरशिवाय अँप्लिफायरचं दुसरं हार्मॉनिक मूळ सिग्नलच्या २५ डेसिबल (दर १० डेसिबलला पॉवर दहापट कमी) खाली होतं आणि तिसरं १४ खाली. (पुश-पुलमध्ये दुसरं कटतं, तिसरं कटत नाही, म्हणून हा उलटा क्रम.) आधीचा ८ मेगाहर्ट्झचा फिल्टर १४.२ ला ३५.५ डेसिबल पाडत होता. १० मेगाहर्ट्झचा पाडतो २४.८. एकूण जेमतेम ५० डेसिबल खाली. अमेरिकी नियमांतली ४३ डेसिबलची मर्यादा यात पाळली जाते, पण ५० वॅटच्या ५० डेसिबल खाली म्हणजे अर्धा मिलिवॅट. डोंगर आडवा नसेल तर काही किलोमीटरवर अर्धा मिलिवॅट आरामात ऐकू येतो.

इथे एक फसगत टाळायला हवी. इमेज पद्धतीने काढलेलं अटेन्युएशन (सिग्नल किती पडतो ते) आणि ५० ओहमांच्या मधे मोजलेला इन्सर्शन लॉस (फिल्टर घातल्याने होणारी घट) हे वेगळे आकडे आहेत. १० मेगाहर्ट्झच्या फिल्टरचं इमेज अटेन्युएशन १४.२ ला ३०.८ डेसिबल येतं, प्रत्यक्षात मोजताना २४.८. स्टॉप बँडात, म्हणजे कटऑफच्या वर, इमेज इम्पिडन्स निव्वळ रिॲक्टिव्ह असतो, आपण जोडतो रोध, त्यात हे सहा डेसिबल जातात. कागदावरचा आकडा पाहून खूश होणाऱ्याने हे सहा आधीच वजा करावेत.

मग गरज दोन गोष्टींची: ७.१ ला इमेज इम्पिडन्स खरोखर ५० च्या आसपास हवा आणि १४.२ ला खोल खड्डा हवा, म्हणजे तेवढी फ्रिक्वेन्सी जोरात पडायला हवी. ही दोन्ही कामं एकाच तुकड्यात करणारी युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकी टेलिफोन इंजिनिअर कँपबेलचं वेव्ह-फिल्टरचं अमेरिकी पेटंट १९१७ चं, तर ऑटो झोबेलने एम-डिराइव्ह्ड विभाग १९२३ मध्ये मांडला. कॉन्स्टंट-के विभागाच्या शंट (जमिनीकडे जाणाऱ्या) फांदीत कॅपॅसिटरसोबत सिरीजमध्ये एक कॉइल घालायची. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला ही फांदी रेझोनन्समध्ये जाऊन सिग्नल जमिनीला बांधते. खड्ड्याची जागा म्हणजे कटऑफ भागिले √(१ − एम²). एम हा आपण निवडायचा, ० ते १ मधला आकडा.

असा विभाग मधोमध चिरला तर सिरीज बाजूला टीचा मूळ इमेज इम्पिडन्सच दिसतो, म्हणून तो कॉन्स्टंट-के टी विभागाला बिनबोभाट जुळतो. शंट बाजूला मात्र नाममात्र रोध × [१ − (१ − एम²)क्ष²] ÷ √(१ − क्ष²) दिसतो. एम ०.६ घेतला तर वरचा कंस आणि खालचं वर्गमूळ बराच वेळ बरोबरीने उतरतात, आणि पास बँडच्या बहुतेक भागात उत्तर नाममात्र रोधाजवळ राहतं. म्हणून अर्धे विभाग दोन्ही टोकांना लावायचे, शंट बाजू बाहेर. उलटे लावले तर सगळाच खटाटोप वाया. विकत घेतलेल्या एकाही तक्त्याशिवाय हे कॅल्क्युलेटरवर होतं. चेबिशेव्ह फिल्टरचे तयार तक्ते जास्त नेमके आहेत खरे, पण कुठला भाग कशासाठी आहे हे त्यांत दिसत नाही.

एम ०.६ ला खड्डा कटऑफच्या १.२५ पट वर पडतो. तो १४.२ ला हवा, म्हणून कटऑफ ११.३६ मेगाहर्ट्झ. ७.१ ला क्ष ०.६२५. कंस ०.७५, वर्गमूळ ०.७८१, इमेज इम्पिडन्स ४८ ओहम. याहून जास्त कुणी मागू नये.

मधे टी विभाग एक की दोन? एकावर तिसऱ्या हार्मॉनिकला ३१ डेसिबल मिळतात. अँप्लिफायरचे १४ धरून ४५, म्हणजे काठावर. एम विभाग खड्ड्याच्या पलीकडे ढिला पडतो. कितीही वर गेलं तरी दोन अर्धे मिळून त्याचं इमेज अटेन्युएशन १२ डेसिबलवर येऊन थांबतं, वरची हार्मॉनिक धरायचं काम कॉन्स्टंट-केलाच करावं लागतं. म्हणून दोन टी घेतले. २१.३ ला ५२.८ डेसिबल झाले.

पूर्ण इंडक्टन्स १.४० मायक्रोहेन्री, पूर्ण कॅपॅसिटन्स ५६० पिकोफॅरड. शेजारच्या सिरीज कॉइल एकत्र केल्यावर साखळी अशी:

इनपुटपासून जमिनीला ०.७४७ मायक्रोहेन्री आणि १६८ पिकोफॅरड सिरीजमध्ये.
पुढे सिरीज कॉइल १.१२ मायक्रोहेन्री.
जमिनीला ५६० पिकोफॅरड.
सिरीज कॉइल १.४० मायक्रोहेन्री.
जमिनीला ५६० पिकोफॅरड.
सिरीज कॉइल १.१२ मायक्रोहेन्री.
आउटपुटपासून जमिनीला पुन्हा ०.७४७ आणि १६८.

कॅपॅसिटर सगळे ५०० व्होल्टचे सिल्व्हर मायका. १६८ साठी १५० अधिक १८ पॅरलल, ५६० साठी ३३० अधिक २२० अधिक १०. तुकड्यांत घेतल्याने करंटही वाटला जातो. आता ५६० मधून १.४ अँपिअर जातात, आधीच्या ३.३ च्या निम्म्याहून कमी.

सिरीज कॉइल टी-६८-२ या लाल टोरॉइडवर (लोहभुकटीच्या कड्यावर), २० गेजच्या इनॅमल तारेने. त्याचा गुणांक फेऱ्यांच्या वर्गामागे ५.७ नॅनोहेन्री, म्हणून १.१२ ला १४ फेरे चपखल बसतात. १.४० ला १६ फेरे घालून किंचित फाकवायचे. खड्ड्याच्या कॉइल टी-६८-६ या पिवळ्या टोरॉइडवर, गुणांक ४.७, १३ फेरे घालून फाकवत ०.७४७ वर आणायचे. पिवळा मुद्दाम: त्याचं इंडक्टन्स तापमानाने लालपेक्षा कमी सरकतं, आणि खड्डा सरकला तर तो असून उपयोग नाही. फेरा मोजताना तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके फेरे. नवशिक्याचा एक फेरा हमखास इथे चुकतो.

खड्डा फिल्टरमध्ये बसवण्याआधीच जुळवून घ्यावा. नॅनो व्हीएनएचे दोन्ही पोर्ट छोट्या तारेने जोडायचे आणि त्या तारेपासून जमिनीला ही कॉइल-कॅपॅसिटरची जोडी डाग द्यायची. १४.२ च्या आसपास डिप दिसेल. फेरे बांबूच्या काडीने फाकवले की डिप वर सरकतो, दाबले की खाली येतो. स्क्रूड्रायव्हर नको, धातू जवळ आला की वाचनच बदलतं. डिपची खोली कॉइलची लायकी सांगते: क्यू (कॉइलचा गुणवत्तांक) १५० असेल तर रेझोनन्सला ०.४४ ओहम उरतात आणि डिप ३५ डेसिबलचा येतो. पंचवीसवरच अडला तर कोअर चुकीचा आहे किंवा डाग कच्चा.

आता या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग. सगळं जोडलं, ७.१ ला एसडब्ल्यूआर १.०५, लॉस ०.१५ डेसिबल. पण १४.२ ला फक्त २३ डेसिबल! हिशेबाने ९० च्या घरात यायला हवं होतं. दोन्ही खड्डे सुटे मोजले तर अचूक. फिल्टर उभ्या पीसीबीच्या तुकड्यावर होता. नीटनेटकं दिसावं म्हणून दोन्ही टोकांच्या फांद्या एकाच जमिनीच्या बिंदूवर आणून, तिथून दोन सेंटिमीटरची एकच तार डब्याला नेली होती.

तारेला ढोबळमानाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरतात. वीस नॅनोहेन्रीचे १४.२ ला १.८ ओहम होतात. पहिल्या फांदीने गिळलेलं हार्मॉनिक या १.८ ओहमांवर व्होल्टेज उभं करतं, आणि दुसरी फांदी त्याच बिंदूला बांधलेली असल्याने तेच व्होल्टेज आउटपुटवर नेऊन ठेवते. मधल्या सगळ्या कॉइल-कॅपॅसिटरना वळसा घालून. दोन भागिले ५० गुणिले १.८ म्हणजे ०.०७२, डेसिबलमध्ये बरोबर २३. खड्डा जितका चांगला तितकी ही चोरवाट पक्की.

तार कापली. प्रत्येक फांदीचा कॅपॅसिटर आपापल्या कनेक्टरच्या बुडाशीच, पाच मिलिमीटरच्या आत, डब्याच्या पत्र्याला. मधे पत्र्याचा आडवा पडदा, सिरीज तार जायला भोक तेवढं. १४.२ चं वाचन व्हीएनएच्या तळाला टेकलं, ६५ डेसिबलच्या खाली यंत्रालाच दिसत नव्हतं. ७.१ ला मीटर ४८ वॅट. शहराच्या पलीकडच्या टोकाला १४.२ शांत.

उरला पाऊस आणि मीठ. डबा ओतीव ॲल्युमिनियमचा, पण त्याला पितळी स्क्रू लावले तर खाऱ्या दमटपणात एका पावसाळ्यात पांढरी भुकटी जमते आणि जमिनीचा जोड ढिला पडतो. इथे जोड ढिला पडणं म्हणजे तीच चोरवाट पुन्हा उघडणं. स्क्रू स्टेनलेसचे, टिनचे लग, खाली पेट्रोलियम जेलीचा हलका हात. झाकणाच्या फटीला व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन लावू नये, त्यातलं ॲसिड सुकताना तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब घ्यावी. आत सिलिका जेलची पुडी आणि तळाला तीन मिलिमीटरचं भोक, साचलेलं दव उतरायला. टोरॉइड जागच्या जागी राहावेत म्हणून हॉट ग्लू वापरला होता तो काढला, तापल्यावर तो मऊ पडतो आणि फेरे सरकतात. त्याऐवजी नायलॉनचा दोरा आणि वर वॉर्निशचा एक थर. वॉर्निश दिल्यावर खड्डा किंचित खाली सरकतो, म्हणून आधी १४.२५ ला जुळवून मगच वॉर्निश द्यायचं आणि सुकल्यावर पुन्हा मोजायचं.

गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर झाकण उघडून मोजलं तेव्हा एक खड्डा १४.१८ ला आणि दुसरा १४.२१ ला होता. दोन्ही तसेच ठेवले. दुसरं हार्मॉनिक १४.० ते १४.४ मध्ये हलतं, तेव्हा थोडे वेगवेगळे असलेलेच बरे.